जाळीआडचा कॅचर

दुसरबीडच्या फाट्यावर उतरून "बेसबॉलचं घर कोणतं?" एवढं विचारलं तरी पुरतं. गावात बेसबॉलचं मैदान नाही, संघ नाही, आणि या खेळाचे नियम सांगू शकेल असं दुसरं माणूस शोधूनही सापडायचं नाही. बेसबॉल म्हणजे अविनाश. उकंडरावांचा थोरला. वय छत्तीस, बांधा बुटका, खांदे रुंद, आणि चालताना गुडघे थोडे बाहेरच्या बाजूला पडतात. कुठल्याही क्षणी हा माणूस खाली बसेल असं वाटतं. बसायचीच त्याला सवय. तो कॅचर होता. बॅट घेऊन उभ्या असलेल्या खेळाडूच्या मागं, तोंडावर लोखंडी जाळी आणि छातीवर गादी बांधून जो उकिडवा बसतो आणि पिचरनं टाकलेला बॉल झेलतो, तो कॅचर.

आता सकाळी सात वाजता तो मिरचीच्या झाडांसमोर उकिडवा बसलेला असतो. घरचं वीस गुंठ्यांचं शेडनेट आहे, वर हिरव्या जाळीचं छत, आणि त्यात एका कंपनीसाठी संकरित मिरचीचं बी तयार होतं. या भागात हे काम घरोघरी चालतं, सगळे त्याला क्रॉसिंग म्हणतात. उद्या उमलणारी कळी आज दुपारनंतर चिमट्यानं उघडायची आणि तिच्यातले पुंकेसर काढून टाकायचे. दुसऱ्या दिवशी सकाळी नर झाडाचा पराग त्या फुलाला लावायचा, आणि लावला की लगेच देठाला लाल लोकरीचा धागा बांधायचा. चाळीस-पंचेचाळीस दिवस हे असंच, एकही सुट्टी नाही. धागा आहे ते फळ कंपनीचं. धागा नाही ते फळ आपल्या आपण धरलेलं, ते तोडून टाकायचं. असं एखादं जरी बियाण्यात मिसळलं तर तपासणीत सगळा माल नापास होतो. म्हणून प्रत्येकाच्या लाईनी ठरलेल्या असतात. कोणत्या लाईनीत काय चुकलं आणि कुणाचं चुकलं, हे लपत नाही.

पराग ठेवायला प्लास्टिकची छोटी वाटी बसवलेली अंगठी मिळते. बायका ती पहिल्या बोटात घालतात. अविनाशच्या पहिल्या बोटात ती जात नाही. त्या बोटाचं मधलं पेर सुपारीसारखं सुजलेलं राहिलंय, अंगठ्याच्या बाजूचं हाड एकदा मोडून वाकडंच जुळलंय. तो ती करंगळीत घालतो. "भाऊ, तुमची करंगळी तेवढी सासरी पाठवायजोगी हाये," असं लाईनीपलीकडून तानाबाई म्हणते. तानाबाई त्यांच्याकडं चार हंगामांपासून क्रॉसिंगला येते, आणि तिच्या जिभेला कुणी लगाम घातलेला नाही.

या हाताला खेळ कसा लागला, ती गोष्ट साधी आहे. तो आठवीत असताना शाळेत जळगावकडचे एक खेळाचे शिक्षक बदलून आले. त्यांनी सोबत एका पोत्यात जुने हातमोजे आणले होते. पोरांनी पाच बोटांचे मोजे पटापट उचलले. उरला एक गोल, जाड, बोटं नसलेला, फुगलेल्या भाकरीसारखा. तो कॅचरचा. अविनाशला तोच मिळाला. शिक्षकांनी पहिला बॉल टाकला, तो त्या मोज्यात बसला, आणि ठप्प असा एक आवाज आला. कोरड्या मातीवर भिजलेलं पोतं आपटावं तसा. अविनाशनं नंतर पुष्कळ वेळा पुष्कळांना हे सांगायचा प्रयत्न केला, पण त्या आवाजापाशी येऊन तो अडतो. "बस, आवाज आला," एवढंच म्हणतो.

त्या आवाजामागं तो अमरावतीला विद्यापीठाच्या संघात गेला, तिथून राज्याच्या संघात गेला. सात वेळा राष्ट्रीय स्पर्धा खेळला, दोन पदकं आणली. बॉल झेलायला लागला की त्याला बाकी जग बारीक झाल्यासारखं व्हायचं. समोर फक्त पिचरचा हात, आणि हातातून सुटताना बॉलवर दिसणारी लाल शिवण. शिवण कशी फिरते त्यावरून बॉल कुठं वळणार ते त्याला कळायचं, डोळ्याआधी मनगटाला कळायचं.

आणि मग आठ वर्षांपूर्वी हैदराबादेत एक खासगी लीग निघाली. खेळायचे पैसे देणारी. अविनाशला तिथं बोलावणं आलं. गावानं फाट्यावर बॅनर लावला, त्यावर अविनाशचा पूर्ण पोशाखातला फोटो, खाली मोठ्या अक्षरांत व्यावसायिक बेसबॉल खेळाडू. सत्कार झाला, शाल-नारळ झालं. उकंडरावांनी भाषण केलं.

या सगळ्यात एक गोष्ट कुणाला ठाऊक नव्हती. अविनाश त्या लीगच्या दोन्ही हंगामांत एकही सामना खेळला नव्हता.

तो होता बुलपेनचा कॅचर. मुख्य मैदानाच्या कडेला जाळी लावून एक लांबट पट्टी केलेली असते, ती बुलपेन. सामन्यात उतरण्याआधी पिचर तिथं हात गरम करतो आणि त्याचे बॉल झेलायला एक माणूस लागतो. हा माणूस संघाचा पोशाख घालतो, संघाच्या गाडीतून येतो, पगार घेतो, आणि मैदानात कधीच जात नाही. स्कोअरबुकात त्याच्या नावाची ओळच नसते. रोज दोनशे-अडीचशे बॉल अविनाश झेलायचा. पिचर तयार झाला की जाळीचं दार उघडून पळत मैदानात जायचा, लोक ओरडायचे, आणि अविनाश मोजा काखेत धरून दार लावून घ्यायचा.

तो खोटं बोलला नव्हता. त्यानं फक्त फोटो पाठवला होता. उकंडरावांनी त्या फोटोला गोष्ट जोडली, आणि ती हॉटेलात चहाबरोबर वाढत गेली. आमच्या अविनाशनं मारलेला बॉल पाण्याच्या टाकीपल्याड गेला, मग टाकीपल्याडच्या रस्त्यावर गेला, मग रस्त्यावरच्या ट्रकात पडला तो थेट विजयवाड्याला उतरला. लोक हसायचे, पण मानायचेही. सत्काराच्या दिवशी अविनाश माईकसमोर उभा राहिला तेव्हा सांगून टाकायचं त्यानं ठरवलं होतं. समोर पहिल्या रांगेत बाप नवा फेटा बांधून बसलेला. अविनाश सगळ्यांचे आभार मानून खाली बसला. दुसऱ्या वर्षी त्याचं लग्न जमलं. लोणार तालुक्यातल्या सुलतानपूरची संजीवनी. तिच्याकडं गेलेल्या बायोडाट्यातही तीच ओळ होती. नंतर लीग बंद पडली, तो घरी आला, शेडनेट उभं राहिलं, आणि सांगायची वेळ निघून गेली ती गेलीच.

त्याला वाटायचं, एक सामना. फक्त एकदा, पैसे घेऊन खेळल्या जाणाऱ्या सामन्यात आपण मैदानातल्या प्लेटमागं, बॅटवाला उभा राहतो त्या पांढऱ्या पाटीमागं, बसावं, आपलं नाव पुकारलं जावं. मग ती सगळी गोष्ट मागच्या तारखेपासून खरी होऊन जाईल.

ऑक्टोबरच्या शेवटी, क्रॉसिंगचा बाविसावा दिवस होता तेव्हा हर्षलचा फोन आला. हर्षल संग्रामपूर तालुक्यातल्या सोनाळ्याचा. हैदराबादेत तो एकोणीस वर्षांचा पिचर होता आणि त्याचा हात रोज अविनाशनंच गरम केला होता. आता तो पुण्याजवळ सुरू होणाऱ्या एका नव्या लीगमध्ये संघ बांधत होता. म्हणाला, दादा, एक कॅचर कमी पडून राह्यला, रविवारी संभाजीनगरला चाचणी हाये, या. बाकी काही बोलला नाही. तेवढं ऐकून अविनाशच्या हातातला चिमटा मातीत पडला. 

घरात कुणीही आडवं आलं नाही. उकंडरावांनी संध्याकाळपर्यंत बातमी फाट्यावर पोचवली. संजीवनी म्हणाली, एका दिवसाची गोष्ट हाये, तुमच्या लाईनी मी पाह्यतो. उलट तयारीला तीच लागली. प्लेटपासून दुसऱ्या बेसपर्यंत एकशे सत्तावीस फूट आणि वर तीन इंच. पहिल्या टप्प्यावरचा, म्हणजे बेसवरचा, धावणारा नजर चुकवून दुसऱ्याकडं पळाला, बेस चोरायला निघाला, की कॅचरनं बॉल झेलून, उठून, तिथपर्यंत फेकायचा असतो. बॉल मोज्यात पडल्यापासून तिकडं पोचेपर्यंत दोन सेकंद लागले तर उत्तम. अविनाशनं शेडनेटमागच्या पडीत टेप लावून ते अंतर मोजलं, टोकाला पोतं टांगलं, आणि संध्याकाळी कळ्यांचं काम आटपलं की फेकायला लागला. संजीवनी मोबाईलवर वेळ घ्यायची. दोन पॉइंट एक. दोन पॉइंट शून्य पाच. ती आकडा ओरडून सांगायची आणि तिचा चेहरा फुलायचा.

चौथ्या दिवशी अविनाशच्या लक्षात आलं की बॉल पोत्याला लागायच्या आधीच ती बटण दाबते. तो पुढचा बॉल उचलायला गेला. आकडा चांगला यावा म्हणून कुणी एवढं करतं, याचं त्याला बरं वाटलं, आणि खरा आकडा काय असेल हे जाणून घ्यायची भीतीही वाटली. दोन्ही एकदमच.

रविवारी पहाटेच्या एसटीनं तो जालन्याला आणि तिथून पुढं गेला. मैदानावर आलेल्या सात कॅचरमध्ये तो सगळ्यात मोठा. बाकीच्यांपैकी दोघांनी त्याला आधी प्रशिक्षक समजून नमस्कार केला. पण मोजा हातात चढला आणि पहिला बॉल बसला तसा त्याला सहा वर्षांनी स्वतःच्या घराची कडी हाताला लागल्यासारखं झालं. जमिनीवर टप्पा खाणारे बॉल त्यानं छातीनं अडवले. कडेचे बॉल त्यानं असे अलगद आत ओढून धरले की अंपायर म्हणून उभा असलेला माणूस स्वतःशीच हसला. चाचणीला आलेले पिचर एकमेकांत बोलायला लागले, मला त्या जुन्या दादांकडं टाकू द्या.

मग दुसऱ्या बेसवरची फेक. तिथं वेळ घ्यायला संजीवनी नव्हती. दोन पॉइंट अडतीस. पुन्हा. दोन पॉइंट एकेचाळीस. त्याच्यानंतर नांदेडचा एकवीस वर्षांचा पोरगा आला. त्यानं एक पॉइंट अठ्ठ्याण्णवमध्ये फेकला आणि केसांवरून हात फिरवत बाजूला झाला.

हर्षल त्याला पाण्याच्या ड्रमपाशी घेऊन गेला. पुष्कळ वेळ ग्लास विसळत राहिला. मग म्हणाला की संघात नाही बसवता येत, तो पोरगा घ्यावा लागेल. पण बुलपेनला या. सहा आठवडे. माझे चारी पिचर पोरं आहेत, बॉल कुठं चाललाय ते त्यांना कळत नाही, तुम्ही झेललं की कळतं, मला कळलं होतं. त्याच्या बोलण्यात दया नव्हती. असती तर अविनाशला सोपं गेलं असतं. शनिवारपर्यंत सांगा, सोमवारी हजर व्हायचं, असं हर्षल म्हणाला.

घरी येऊन अविनाशनं सांगितलं की निकाल शनिवारी आहे. उकंडरावांनी लगेच शनिवार कुणाचा वार, चांगला की वाईट, याची चर्चा सुरू केली. अविनाश अंघोळीला गेला.

सोमवारी सकाळी तो लाईनीत बसला. करंगळीतल्या वाटीत पराग होता, कमरेला लाल धाग्यांचा जुडगा होता. फूल धरायचं, पराग लावायचा, पुढचं फूल. त्याच्या डोक्यात पाण्याचा ड्रम होता. हो म्हणायचं तर पुन्हा जाळीआड, पुन्हा तेच दार लावून घेणं, आणि गावात पुन्हा तोच फोटो. नाही म्हणायचं तर मोजा कपाटात, कायमचा. कधी हे, कधी ते. हात आपला आपण चालत होता. दोनदा त्यानं पराग लावलेल्या फुलाकडं बघताना बॉलची शिवण कशी धरायची याचाच विचार केला. मंगळवारही तसाच गेला.

शुक्रवारी सकाळी संजीवनी लाईनी तपासत होती. दर चार दिवसांनी ती हे करायची. फुलं गळून मूगभर मिरच्या धरलेल्या असतात तेव्हा बिनधाग्याच्या हुडकून काढायच्या. सहाव्या लाईनीच्या मध्यावर ती थांबली. मग मागं गेली, मग पुढं गेली. दोन दिवसांच्या कळ्या, सगळ्या धरलेल्या, आणि एकाही देठाला धागा नाही. ती अविनाशची लाईन.

तानाबाईनं शेजारच्या लाईनीतून मान वर केली. "मी सोमवारीच पाह्यलं भाऊचा जुडगा कमी होऊन नाही राह्यला. मले वाटलं नवरा-बायकोचं भांडण असंन, आपण काऊन पडा मधात."

अविनाश उठून आला. त्यानं एकेक देठ उलटून पाहिला. इतक्या वर्षांत असं झालं नव्हतं. तो म्हणाला की पराग लावलाय, प्रत्येक फुलाला लावलाय, त्याला पक्कं आठवतं. आता धागे बांधून टाकू.

"कोनाले?" संजीवनी म्हणाली. "ह्यातली कोनती तुमची अन् कोनती आपोआप आली, सांगा मले." तिनं दोन बारीक मिरच्या शेजारी धरल्या. दोन्ही सारख्याच होत्या. "तुमी केलं असंन. मी नाही कुठं म्हनत. पन धागा नाही, तं ते केलं नाही."

आणि ती तोडायला लागली. एकेक मिरची देठापासून खुडून ओच्यात टाकायची. तानाबाई शहाणपणानं नर झाडांच्या बाजूला पराग आणायला निघून गेली. समोर बसून अविनाशही तोडायला लागला, त्याच झाडाच्या दुसऱ्या बाजूनं. दोन झाडं झाली, तीन झाडं झाली. चौथ्या झाडाशी त्यानं मान खाली ठेवून सांगितलं. चाचणीचं आधी सांगितलं, आकड्यांसकट. मग हैदराबादचं. दोन हंगाम, एकही सामना नाही.

संजीवनीचे हात थांबले नाहीत. पुढच्या झाडाला गेल्यावर ती बोलली, आणि जे बोलली ते त्यानं कल्पिलेल्यातलं काहीच नव्हतं.

"माह्या भावाच्या लग्नात मी अख्ख्या सुलतानपूरले सांगतलं. टाकीवरून बॉल गेला म्हनून. माईक घेऊन सांगतलं मी."

"ते बाबाचं होतं. मी नव्हतं..."

"तुमी नाही बी नव्हतं म्हनलं." ती आणखी दोन झाडं खुडत गेली. राग होता, तिच्या खुडण्यात तो दिसत होता, देठाबरोबर पानंही येत होती. मग तिनं विचारलं, त्या जाळीत करत काय होते दिवसभर?

त्यानं सांगायला सुरुवात केली. आधी तुटक. पिचर येतो तेव्हा त्याचा खांदा थंड असतो, पहिले दहा बॉल कुठंही जातात, ते काहीच न बोलता झेलायचे. अकराव्यापासून मोजा जिथं धरू तिथं बॉल यायला हवा. नाही आला तर पिचरचा पाय कुठं पडतो ते बघायचं. घाबरलेला पिचर बॉल घट्ट धरतो, मग तो मोज्यात बसताना आवाज बसका येतो. तो आवाज ऐकून सांगता येतं की हा आज टिकणार की नाही. हर्षल एकदा रडला होता, आई दवाखान्यात होती म्हणून. अविनाशनं त्याला काही विचारलं नाही, नुसता मोजा मधोमध धरून बसला, आणि साठ बॉल होईपर्यंत हर्षल शांत झाला. बोलता बोलता अविनाश मिरचीच्या दोन लाईनींच्या मध्ये तसाच उकिडवा झाला, डावा हात पुढं, उजवा पाठीमागं लपवलेला. लपवायचाच असतो, नाहीतर बोटं मोडतात. त्यानं मनगट किती हललं पाहिजे ते दाखवलं. एक इंच. फक्त एक इंच, आणि वाईट बॉल चांगला दिसतो. पिचरला वाटतं आपण चांगला टाकला, मग तो पुढचा खरंच चांगला टाकतो.

संजीवनी तोडायची थांबली होती. लग्नाला सात वर्षं झाली होती. इतकं सलग बोलताना तिनं त्याला पाहिलं नव्हतं.

"अन् मॅच चालू असली की तुमाले दिसते?"

"जाळीतून. अर्धी दिसते. डाव्या बाजूची."

"अर्धी," ती म्हणाली. "अन् तरी जायचं हाये."

नाही म्हणून बघावं असं त्याला वाटलं, तोंड उघडून बघितलंही. ते आलं नाही.

"हाव," तो म्हणाला. "मैदानात बी जावं वाटते. लय वाटते. पन ते नाही भेटलं तरी... मले झेलायचं हाये, संजीवनी."

तिनं ओच्यातल्या मिरच्या बांधावर झटकल्या. थोडा वेळ ती छताच्या हिरव्या जाळीकडं बघत मनात हिशेब करत होती, लाईनींचा आणि दिवसांचा. मग म्हणाली की चौदा दिवस राहिलेत. तिच्यानं आणि तानाबाईनं सगळ्या लाईनी होणार नाहीत. पाचवी आणि सहावी आजपासून बंद करायची, त्यात आता नवीन क्रॉस नाही. बाकीच्या चार आम्ही ओढू. बी कमी येईल, कंपनीच्या माणसाला ती सांगेल.

"अन् मामाजीले तुमी सांगायचं. मी नाही सांगत. हॉटेलातून ऐकू येण्याच्या आधी सांगा."

उकंडराव दुपारी ओट्यावर बैलाच्या जुन्या दोरीचा पीळ उकलत बसले होते. बैल दोन वर्षांपूर्वी विकले, दोऱ्या तशाच होत्या. अविनाश खालच्या पायरीवर बसला आणि यावेळी त्यानं आधी हैदराबादचं सांगितलं, मग चाचणीचं. उलट क्रमानं सांगणं सोपं गेलं असतं, पण नको वाटलं. सांगून झालं तेव्हा पीळ उकलून संपला होता आणि म्हातारा तो पुन्हा घालत होता.

त्यांनी पहिल्यांदा विचारलं ते, पगार देत होते का. अविनाश हो म्हणाला. रस्त्यानं एक ट्रॅक्टर गेला, चालवणाऱ्यानं "कसं काय बेसबॉल" म्हणून हात केला, अविनाशनंही केला.

"मले तवाच सांगतलं असतं," उकंडराव म्हणाले, "तं मी थोडं कमी बोललो असतो."

अविनाशला वाटलं होतं ते रागावतील, किंवा हसण्यावारी नेतील. त्यांनी दोन्ही केलं नाही. संध्याकाळी ते हॉटेलात गेले नाहीत. शनिवारीही गेले नाहीत. अविनाशनं हर्षलला फोन करून येतो म्हणून सांगितलं, तेव्हा ते खोलीतच होते, पण त्यांनी कूस बदलली. रविवारी अविनाश बॅग भरत असताना मात्र ते दारात येऊन उभे राहिले आणि कपाटाकडं बोट दाखवून म्हणाले, ती बॅट काय करायची, तिथं लागंन का? नाही लागणार, अविनाश म्हणाला. मग राहू दे, ते म्हणाले. बस कितीची आहे ते त्यांनी दोनदा विचारलं, आणि ती आली तेव्हा फाट्यावर चार माणसांत उभं राहून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, पण खाली बघत सांगितलं, "पोरगा चालला. त्याले ते पिचर लोकाईचे बॉल झेलायचं काम हाये. मधात नाही खेळत तो."

एकानं चेष्टेनं विचारलं, मंग ट्रकात पडलेला बॉल कोणाचा? उकंडराव म्हणाले, दुसऱ्या कोनाचा असंन. आणि ते वळून घराकडं चालायला लागले, फेट्याचा शेव सावरत, जरा वेगानंच.

पुण्याजवळच्या त्या मैदानात बुलपेन डाव्या कोपऱ्यात आहे. जाळी जाड आहे, हिरवीच आहे, आणि दुपारच्या सामन्यात तिची चौकटी-चौकटीची सावली अविनाशच्या मांडीवर पडते. पहिल्या सामन्याला त्याला चार पिचर तयार करायचे होते. त्यातला दुसरा, नागपूरचा एक उंच पोरगा, पहिले दहा बॉल वेडेवाकडे टाकून गडबडला होता. अविनाश मोजा मधोमध धरून बसून राहिला. तिसाव्या बॉलला आवाज खुलला. पोरानं स्वतःच मान डोलावली आणि दार उघडून मैदानात पळाला. लोक ओरडले.

अविनाशनं दार लावून घेतलं आणि जाळीला टेकून उभा राहिला. मैदानाचा अर्धा भाग दिसत होता. पहिला बेस दिसत नव्हता. प्लेट दिसत होती, आणि प्लेटमागं बसलेला नांदेडचा पोरगा दिसत होता. चांगला बसतो, फक्त उजवा हात उघडा ठेवतो. अविनाशनं त्याला सकाळी सांगितलं होतं, सांगून पाहिलं होतं.

सातव्या डावात बॅटची कड घेतलेला बॉल सरळ त्या उघड्या हातावर बसला. पोरगा अंगठा धरून गुडघ्यावर आला. खेळ थांबला. हर्षल धावत गेला, औषधाची पेटी घेऊन आणखी एक जण गेला.

अविनाश बुलपेनमधल्या बाकाकडं गेला कधी आणि सोडून ठेवलेली पॅड पायाला बांधायला लागला कधी, त्याचं त्यालाच कळलं नाही. एका पायाचे तीन पट्टे बांधून झाले होते. संघात आपलं नाव नाही, नियमानं आपल्याला दारापलीकडं पाऊल टाकता येत नाही, दुसरा राखीव कॅचर तिकडं बाकावर बसलेला आहे, हे सगळं त्याला माहीत होतं. तरी त्याची बोटं चौथा पट्टा शोधत होती. मैदानात उतरायचं वेड इतक्या वर्षांत कमी झालं असेल असं त्याला वाटलं होतं, ते तेवढंच्या तेवढं होतं.

तिकडं पोराच्या अंगठ्याला चिकटपट्टी गुंडाळली गेली. त्यानं हात दोनदा झटकला, मास्क खाली ओढला आणि पुन्हा प्लेटमागं बसला. या वेळी उजवा हात त्यानं पाठीमागं घेतला होता. अंपायरनं खेळ सुरू केला.

अविनाश एक पॅड बांधलेल्या पायावर तसाच उभा होता. मागून चौथ्या पिचरनं हाक मारली. तो कोवळा होता, आणि आपली पाळी यायच्या भीतीनं त्याचे ओठ कोरडे पडले होते.

"दादा, अजून दहा टाकू का?"

अविनाशनं मैदानाकडं पाठ केली. दुसरं पॅड बांधलं, मोजा हातात चढवला, मुठीनं त्याच्या मध्यावर एक ठोसा मारला आणि खाली बसला.

"टाक," तो म्हणाला. "दहा कशाले, वीस टाक."

पहिला बॉल वाकडा आला. त्यानं काही न बोलता तो झेलला.